फोनसोबत आलेली मंडळी

लुंबिनीचा बी.एड.चा वार्षिक पाठ एकदा बुडाला होता. इंटरनेटच्या मदतीनं इंग्रजी शिकवायला ती लातूरच्या शाळेत उभी राहिली आणि ऐन वेळी शाळेचं नेट गेलं. "खडू-फळा असताना ही थेरं कशाला?" म्हणत परीक्षक शिवप्पा सरांनी तिला नापास केलं. आता ही शेवटची संधी. हुकली तर वर्ष वाया. दुसरं कोणी मुकाट्यानं खडू-फळ्यावर पाठ उरकून मोकळं झालं असतं. लुंबिनी मात्र हट्टाला पेटली. शाळेच्या नेटचा भरवसा नाही ना? मग आदल्या दिवशी तिनं सातवीच्या मुलांना बजावलं, "उद्या प्रत्येकानं घरचा एक मोबाइल आणायचा. नेट असलेला."

मुलांनी आणले. मोबाइलसोबत मोबाइलवालेही आले.

"एकला फोन कसा धाडू, मॅडम?" अपूर्वाची आई साखराबाई बाकावर ऐसपैस बसत म्हणाली. "पोरीनं पाडला म्हंजे? म्हनून संगंच आले."

"मला तर फोनवरच भाडं येतंय," ऑटोवाला व्यंकटी म्हणाला. "पोरगा शिकंल, मी हितं बसून ऱ्हातो. लई जागा लागत न्हाई मला."

एका बाकावर चौघं-चौघं दाटीवाटीनं बसले. शिवप्पा सर दारातच थबकले. "हा पाठ आहे का पालकसभा?"

"पाठच आहे, सर," लुंबिनी म्हणाली.

तिनं प्रश्नमंजूषेची लिंक फळ्यावर लिहिली, तोच व्यंकटीचा फोन खणखणला. सरांची लाल पेन्सिल वर झाली.

"उचला काका," लुंबिनी म्हणाली, "पण इंग्रजीत बोला."

व्यंकटी उभा राहिला. "हॅलो! आय ॲम इन स्कूल. सेव्हन्थ स्टँडर्ड. यू कम आफ्टर!" गिऱ्हाइकानं घाबरून फोन ठेवला असावा. वर्गानं टाळ्या पिटल्या आणि मग जो तो आपला फोन कधी वाजतो याची वाट पाहू लागला.

प्रश्नमंजूषा सोपी होती. चित्र बघायचं, त्याला जुळणारं इंग्रजी वाक्य वेळेत दाबायचं. "आई, सोड की!" "तू सोड, फोन कुनाचा हाय?" असा कल्ला सुरू झाला. गुण लुंबिनीच्या मोबाइलवर येत होते. ते ती खडूनं फळ्यावर उतरवत गेली. अपूर्वा पहिली आली. शेवटच्या नावापाशी मात्र खडू थांबला.

प्रा. शिवप्पा. शून्य.

तपासणी म्हणून सरांनीही मागच्या बाकावरून लिंक उघडली होती. ॲपनं नाव विचारलं, त्यांनी हुद्द्यासकट खरं सांगितलं. पण चष्मा घरी विसरल्यामुळं फोनवर अक्षरं एवढी मोठी केलेली, की एक वाक्य वाचून दुसऱ्यावर जाईपर्यंत वेळ संपायची. वीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस तळाला गेला होता.

"मॅडम, खालचं एक नाव ऱ्हायलं की!" पुढच्या बाकावरून तिच्या मोबाइलमध्ये डोकावत अपूर्वा ओरडली.

'चुकलं तरी नाव फळ्यावर येणार, त्यात लाज कसली,' असं लुंबिनीनंच तासाच्या सुरुवातीला सांगितलं होतं. गेलं हेही वर्ष वाया, असं मनाशी म्हणत तिनं ते नाव लिहिलं. शून्यसुद्धा गोल, ठळक काढलं.

सर उठले.

"फळा पुसा."

लुंबिनीनं पुसला.

"आता प्रश्नमंजूषा पुन्हा लावा," सर म्हणाले, "आणि कुनाकडं चष्मा हाय का?"

व्यंकटीनं आपला काढून दिला. तास संपल्याची घंटा झाली, तशी मुलं चुळबुळली. "बसा खाली! कोणी हलायचं नाही," सर गरजले. दुसऱ्या डावात ते नववे आले, तिसऱ्यात चौथे. चौथ्या डावाला मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठं पाठ संपला.

सरांनी लाल पेन्सिल चालवली. "पास आहात. पण वेळ पाळली नाही, त्याचे दोन मार्क कापलेत."

"पण सर, तुम्हीच तर..."

"शिस्त म्हणजे शिस्त," सर म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. साखराबाईकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"ताई, तुमची अपूर्वा घरी कधी असते? प्रश्नमंजूषेत तिला एकदा तरी हरवायचंय."