बाराव्या मशीनचा प्रसाद

मी आधुनिक विचारांचा माणूस आहे. आमच्या मुरुम गावात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलंय! त्यामुळे मी मॅनेजर आहे त्या डाळ मिलमध्ये बायकांसाठी सॅनिटरी पॅडची मशीन बसवायचं ठरलं, तेव्हा शेठनी दुसऱ्या कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

मागणी कमलबाईची. आमच्याकडं डाळ निवडायला चाळीस बायका आहेत, त्यांची ती मुकादम. ती सरळ शेठच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"शेठ, पोरी अर्ध्या दिसातनं घरी पळत्यात. ती वैष्णवी तर तीन किलोमीटर चालत जाती आन् परत येतच न्हाय. फुकाट खाडा पडतोय तिचा. मशीन बसवा."

शरणप्पा शेठ भला माणूस. त्यांनी मशीन मागवली, आणि मला बाजूला घेतलं.

"भागवतराव, काम तुमचं. पण अव्वाच्या डोळ्याला पडता कामा न्हाय! म्हातारं माणूस, देवधर्म लई कडक. तिनं नाक मुरडलं की मशीन त्याच दिवशी टेम्पोत! मग कमलबाईचं तोंड तुमी सांभाळा."

अव्वा म्हणजे शेठची आई, गंगम्मा. वय ब्याऐंशी. ही मिल तिनं आणि तिच्या मालकांनी उभी केलेली.

"शेठ, मी आहे ना!" मी म्हणालो. या तीन शब्दांनी आयुष्यात माझं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुठल्या दुश्मनानंही केलं नसेल.

मशीन आली. मीटरच्या पेटीएवढी, पांढरीशुभ्र, मधोमध हिरवं बटण. बटण दाबलं की खाली एक पुडी पडते. पैसे नाहीत, काही नाही. आता ही बायकांच्या बाजूला लावायची तर तिकडं डाळीची धूळ फार! म्हणून मी ती माझ्या ऑफिसात, लाकडी कपाटात बसवली. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. ज्यांना पाहिजे त्यांनी किल्ली मागावी, काम झालं की परत द्यावी. इतकी सुटसुटीत व्यवस्था पुण्या-मुंबईतसुद्धा नसेल!

कमलबाईनं कपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"किल्ली तुमच्यापाशी?"

"मग! जबाबदारीची वस्तू आहे."

"आन् पोरींनी ती तुमच्याकडं मागायची?"

"बिनधास्त मागायची! मला काही वाटत नाही!"

"काय म्हणून मागायची?"

इथं मी जरा अडखळलो. लिहायला सोपं असतं हो, पण तो शब्द तोंडानं, बाईमाणसासमोर...

"ते... ते पाहिजे म्हणून," मी म्हणालो.

सहा आठवडे गेले. एकीनंही किल्ली मागितली नाही. मी शेठना अहवाल दिला, की आपल्या बायकांना याची गरज दिसत नाही. या सहा आठवड्यांत वैष्णवी दोनदा अर्ध्या दिवसातून घरी चालत गेली, पण तो विषय मला वेगळा वाटला.

आणि खंडेनवमी आली!

त्या दिवशी मिल बंद असते, पण झाडून सगळे येतात. दरवर्षी अव्वा स्वतः एकेका मशीनची पूजा करते. चाळणी, पॉलिश, मोटर, वजनकाटा, पोती शिवायची मशीन, अशा एकूण अकरा. प्रत्येकीला भस्माची तीन बोटं, कुंकू, अक्षता, फूल. शेवटी गेटवर कोहळा फोडायचा. अव्वाच्या मागं शेठ, त्यांच्या मागं आण्णासाहेब. आण्णासाहेब म्हणजे आमच्याकडं सगळ्यांत जास्त उडीद घालणारे बागायतदार, मानाचे पाहुणे. मग बंडप्पा आणि त्याचे पंचवीस हमाल. बायका नव्या साड्या नेसून ऑफिसच्या दारात.

अकरावी मशीन माझा कॉम्प्युटर. अव्वानं त्याला फूल वाहिलं आणि मी श्वास सोडला. तो पुरता बाहेर यायच्या आत तिची नजर कपाटावर गेली.

"ह्यात काय हाय रं, भागवता?"

"जुन्या वह्या, अव्वा."

अव्वानं बोर्डापासून कपाटात शिरलेली वायर बोटानं दाखवली.

"वह्यांना करंट लागतोय व्हय?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही! शेठ माझ्याकडं असे बघत होते, की कोहळ्याऐवजी माझंच डोकं फोडतात की काय.

"उघड," अव्वा म्हणाली. "खंडेनवमीला हत्यार कुलपात ठेवू न्हाय."

उघडलं. आत पांढरी मशीन, हिरवं बटण.

"ही कशाची?"

खरा आधुनिक माणूस इथं सरळ सांगून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "प्रसादाची!"

"कशाची?"

"प्रसादाची मशीन, अव्वा! बटण दाबलं की प्रसाद पडतो. मोठमोठ्या देवस्थानात असते. तुम्हाला दाखवू म्हणून झाकून ठेवली होती!"

अव्वानं मशीन वरून खालपर्यंत बघितली. "असं व्हय?" ती म्हणाली. "मंग हिची पूजा तर जोरातच कराया पायजे."

तिनं मशीनला झेंडूचा हार घातला, ओल्या कुंकवात अक्षता कालवल्या आणि अंगठ्यानं चांगला दाब देऊन टिळा लावला. कुठं? हिरव्या बटणावर! बटण आत गेलं. भोवतीच्या फटीत कुंकू आणि तांदूळ बसले, आणि बटण काही बाहेर येईना. मशीन गुरगुरली. एक पुडी पडली. मग दुसरी. मग तिसरी. साठ पुड्या मीच खच्चून भरल्या होत्या!

पहिली पुडी अव्वानं उचलली, उलटीपालटी केली आणि मुठीत धरली.

"भागवत म्हणतोय परसाद हाय. घ्या मग सगळ्यांनी!"

आण्णासाहेबांचा मान पहिला. त्यांनी ओंजळीत पुडी घेतली, कपाळाला लावली आणि फोडली. आतली वस्तू उलगडली.

"वडी न्हाय ह्यात," आण्णासाहेब चष्मा सारखा करत म्हणाले. "पट्टी दिसतीय. चिकटतीय की!" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आरं, गुडघ्याची हाय काय? आमच्या पावण्यानं असली एक आणली होती पुण्याहून! पर ही लई मऊ हाय!"

"हो हो!" मी ओरडलो. "गुडघ्याचीच!"

आण्णासाहेबांनी धोतर वर घेतलं, पट्टी गुडघ्यावर दाबली, दोन पावलं टाकली. "वा! काय थंड वाटायलंय!"

झालं! पोती उचलून उचलून आमच्या एकाही हमालाची पाठ धड नाही. पंचवीसच्या पंचवीस जणांनी सदरे वर केले.

"सायेब, मला दोन लावा, आडव्या," बंडप्पा पाठ करून उभा राहिला. "डाव्या अंगाला लई कळ येती."

मी लावल्या. माझ्या या हातांनी लावल्या! कुणी खांद्याला मागत होता, कुणी मानेला. शेठ मोबाईलवर बोलत बोलत घाईनं बाहेर गेले. मोबाईल टेबलावरच होता. दारातल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. आण्णासाहेबांनी बायकोसाठी दोन पुड्या जास्तीच्या घेतल्या आणि जीपमध्ये बसून पुढच्या पूजेला गेले.

हसत नव्हती ती फक्त कमलबाई. ती गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली आणि हात पुढं केला.

"भागवतराव, किल्ली."

सहा आठवडे मी या क्षणाची वाट बघत होतो! 'बिनधास्त घ्या' हे उत्तर तयार होतं. पण आता कपाट सताड उघडं, आणि मशीन गळ्यात झेंडूचा हार घालून पार रिकामी.

"आत्ता?" मी म्हणालो.

"मंग काय मुहूर्त काढू?" कमलबाईनं आवाज खाली आणला. "पोरगी खांबाआड हुबी हाय. नवी साडी नेसून आलीय. सणासुदीचं चालत धाडू व्हय तिला घरी?"

मी बाहेर बघितलं. खांबामागं वैष्णवी खाली मान घालून उभी होती. आणि इकडं तिच्यासाठी आणलेल्या वस्तू बंडप्पाच्या पाठीवर! इतके दिवस मला भलत्याच गोष्टीची लाज वाटत होती. त्या क्षणी पहिल्यांदा खरी वाटली, जिथं वाटायला पाहिजे तिथं.

न फोडलेली पुडी आता एकच उरली होती. अव्वाच्या मुठीत.

"अव्वा," मी म्हणालो, "ती पुडी जरा परत..."

"परसाद परत मागतोस व्हय रं?"

"ते गुडघ्याचं नाही, अव्वा."

"मंग कशाचं?"

हमाल सदरे वर धरून तसेच उभे.

"ते... बायकांचं..."

"बायकांचं काय? लुगडं?"

"नाही... ते... दर महिन्याला..."

"साकु! बस झालं!" अव्वानं काठी आपटली. "नात शिवप्रिया लातूरला शिकायला हाय. सुट्टीला आली की तिच्या बॅगंत ह्याच पुड्या असत्यात. पयली पडली तवाच म्या वळखलं. म्हटलं बघू तर, ह्यो गडी कुठवर जातोय. तू तर पार बंडप्पाच्या पाठीपतुर गेलास!"

दारातल्या पदरांचा बांध फुटला. चाळीस बायका एकदम हसल्या. बंडप्पानं पाठीवर हात फिरवला, कमलबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि सदरा खाली ओढला.

शेठ हळूच आत आले. "पर अव्वा, तुला इटाळ..."

"कसला इटाळ?" अव्वानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "हे काय चार दिस काढून ठेवतो व्हय आमी? आपल्या लिंगायतांत इटाळ धरत न्हाईत, शरणू. तुझ्या आज्जीनं मला सांगितलं, म्या सुनांना सांगितलं. तू कवा इचारलंसच न्हाय!"

तिनं पुडी कमलबाईच्या हातात दिली.

"जा, दे तिला. आन् ती आली की ह्या मशीनला तिच्या हातनं फूल पडू दे. मंगच कोहळा फोडायचा. आन् ही आजच्या आज बायकांच्या बाजूला लावा."

"पण अव्वा, पुड्या भरायची किल्ली?" मी विचारलं. जित्याची खोड!

"वस्तूचं नाव ज्याला घेता येतंय, किल्ली त्याच्याकडं. आण्णासाहेबाला लावाय तूच सांगितलंस नव्हं? मिल उघडली की सगळ्यांसमोर त्यास्नी खरं काय ते सांग. सांगितलंस, तर किल्ली तुझी."

एका शब्दाचा तर प्रश्न! दसराभर मी तो शब्द मनातल्या मनात घोकला. इतका घोकला, की शेजारी आपट्याची पानं द्यायला गेलो आणि 'पॅड घ्या, पॅडसारखं राहा' हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं!

तिसऱ्या दिवशी मिल उघडली आणि सकाळीच आण्णासाहेबांचा फोन आला. कमलबाईनं पुढं होऊन स्पीकर चालू केला. चाळीस बायका डाळ टाकून भोवती गोळा झाल्या. सगळ्यांत पुढं वैष्णवी, हाताची घडी घालून. या खेपेला तिचा खाडा पडला नव्हता.

"भागवतराव, लई गुण आला बगा! गुडघा वाजायचा थांबला. अजून धा-बारा पाठवा! आमच्या मंडळींनी मातर लावून घेतली न्हाय. परवापासनं नुसती हसायलीय. काय झालं इचारलं, तर म्हणती भागवतरावाला इचारा. काय भानगड हाय?"

मी घसा खाकरला.

"आण्णासाहेब," मी म्हणालो, "मी आधुनिक विचारांचा माणूस आहे."

"व्हय, ते म्हाइत हाय. फुडं?"

पुढं काही नाही. मी फोन कमलबाईच्या हातात दिला. आणि फोनबरोबर किल्लीसुद्धा.