सामाईक वहीत शून्य मांडिले त्याची हकीकत

श्री. मोजता येते ते आणि मोजता येत नाही ते, दोहींस नमस्कार करून हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध तृतीया. ते समयी राज्यात लिहिणारे दोनशे चौदा, ग्रंथवकील तेवीस आणि प्रकाशकांचे दरबार अकरा. लिहिणाराने दरबारात परभारे जावे ऐसी चाल नव्हती. ग्रंथवकिलाने ग्रंथ पसंत करावा आणि मग दरबारी रुजू करावा. ग्रंथ एका वेळी एकाच वकिलाकडे पाठवावा, उत्तर येईतो अथवा एकशे त्र्याऐंशी दिवस भरेतो दुसरीकडे पाठवू नये, ऐसा दंडक होता.

त्या राज्यात शर्वरीबाई टेमकर म्हणोन वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांणी घाटातले कातळ चार वर्षे हिंडोन दगडफुलावर तीनशे बारा पानांचा ग्रंथ सिद्ध केला आणि वडिलांस शब्द दिला की पाचशे एकोणपन्नास दिवसांत वकील न मिळे तर ग्रंथ पेटीत ठेवीन आणि शहरी शिकवणी वर्गात चाकरी धरीन. मग दोन नामांकित वकिलांकडे एकामागून एक ग्रंथ पाठविला. दोहींकडून उत्तर आले नाही. तीनशे सहासष्ट दिवस गेले आणि एका पाठवणीची मुदत उरली.

तेव्हा बाई दाऊदभाई मुजावर यांजकडे गेल्या. हे गृहस्थ हवामान कचेरीत चाळीस वर्षे पाऊस मोजोन निवृत्त जाहले होते, सवडीने शिकारकथा लिहीत आणि संगणकावर लिहिणारांची सामाईक वही राखीत. कोणता वकील, ग्रंथ कधी धाडला, काय जाहले, हे ज्याने त्याने त्यात लिहावे. ओळी शहाण्णव, सर्व पसंतीच्या. त्यात अभयसिंहराव वकिलांच्या एकतीस, म्हणोन सर्व राज्य त्यांचेच दारी जाई. मार्थाबाई डिमेलो म्हणोन एक वकील होत्या, त्यांच्या चार.

भाई म्हणाले, "दगडफूल? म्हणजे गोड्या मसाल्याचं पुस्तक का?"

बाई म्हणाल्या, "हे विचारणारे तुम्ही पंधरावे, भाई. मी मोजते आहे. मला सांगा, अभयसिंहरावांच्या पसंती एकतीस, पण कितींपैकी?"

भाईंनी चष्मा काढला, पुसला आणि हसू लागले. "चाळीस वर्षं पाऊस मोजला. पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचो. रकाना कोरा ठेवला तर साहेब खरडपट्टी काढायचे. आणि इथं बारा वर्षं मी कोराच ठेवला! पण बाई, शून्य लिहायला लाज वाटते लोकांना."

"लाज कसली त्यात?"

"असं? मग तुमची दोन कुठं आहेत?"

बाईंनी संगणक पुढे ओढिला. मग तेथेच बसोन आपले नावानिशी दोन ओळी लिहिल्या: उत्तर नाही, दिवस एकशे त्र्याऐंशी, उत्तर नाही, दिवस एकशे त्र्याऐंशी. आणि सर्वांस विनंती केली की नकार आणि मौन दोन्ही मांडावे. दोन दिवस कोणी वहीस हात लाविला नाही. तिसरे दिवशी श्रीपतराव गव्हाणे, सात कादंबऱ्यांचे धनी, राज्यात ज्यांस पाहोन लोक उठोन उभे राहात, त्यांणी एका बैठकीत एकोणीस मौने लिहिली आणि खाली मजकूर केला, "घ्या, एकोणीस. आता लाजायची पाळी माझी, तुम्ही सुटलात." धन्य त्यांची! मग लोक मोकळे जाहले आणि अकरा दिवसांत वही अकराशे चाळीस ओळींस पोहोचली.

भाई म्हणाले, "बाई, चौदा दिवस गेले. तुमच्यापाशी एकशे एकोणसत्तर राहिले. अभयसिंहराव गप्प बसले तर दंडकाचे दिवसही भरत नाहीत."

"ठाऊक आहे, भाई. बेरीज वाचा."

भाईंनी वाचिली. अभयसिंहरावांकडे ग्रंथ गेले चारशे चौतीस, पसंत एकतीस, नकार पंधरा, मौन तीनशे अठ्ठ्याऐंशी. मार्थाबाईंकडे गेले बावीस, पसंत चार, नकार अठरा, मौन शून्य. उत्तरास अति उशीर तो सोळा दिवस. झाडापानांवरचे ग्रंथ पाच, पैकी पसंत तीन.

भाई म्हणाले, "पाचांत तीन! हे तर ठरलंच की."

बाई म्हणाल्या, "पाच ही संख्या लहान आहे, तिच्या भरवशावर उड्या मारू नयेत. मला हे शून्य आवडलं. त्यांनी नाही म्हटलं तरी सोळा दिवसांत म्हणतील, पुढं दीडशे दिवस राहतील. आणि ज्याला नाही म्हणायचं, त्याचंही त्या वाचतात."

ऐसे बोलोन ज्येष्ठ वद्य द्वितीयेस चालीप्रमाणे ग्रंथाची पहिली तीस पाने नमुन्यादाखल मार्थाबाईंकडे रवाना केली. ज्या वहीने बारा वर्षे एकच दार दाखविले, तीच दोनशे चौदा माणसांनी आपली लाज उतरोन ठेविली तेव्हा दुसरे दार दाखविती जाहली. सारांश, वहीतील शर्वरीबाईंची तिसरी ओळ येणेप्रमाणे: वकील, मार्था डिमेलो. उत्तर, अकरावे दिवशी. पाने मागितली, तीनशे बारांपैकी तीनशे बारा.