वनराजांचं रुसकं स्टिअरिंग

एका जंगलात राजाच्या आधी राजाचा भोंगा यायचा. भोंग्यामागून दिवे यायचे, दिव्यांमागून गाडी, आणि गाडीत मागच्या सीटवर बसलेले वनराज सिंह. समजलं ना बाळांनो? नीट बसा. चुळबुळ करणाऱ्याला मी गोष्टीतून उठवून लावते.

गाडी चालवायला केसूअण्णा नावाचं अस्वल होतं. दंड हे एवढे, आणि काळीज बोराएवढं. घरी बायको झुंबरबाई आणि दोन पिल्लं.

गाडीचा थाट काय वर्णावा! टपावर तांबडा दिवा, निळा दिवा. पुढे मोठाले फोकस. एक नाही, तीन भोंगे. एक कर्णा, त्यातून सारखं "हटा, हटा, वनराज आले!" आणि आत एक पंखा, का? तर वनराजांची आयाळ भुरभुरत राहावी म्हणून. ही सगळी हौस सचिव कोल्हेसाहेबांची. खोटं कशाला बोला, केसूअण्णालाही भोंगा वाजला की बरं वाटायचं.

पण गाडीला एक खोड लागली. स्टिअरिंग मधूनच जड व्हायचं. आत्ता एका बोटावर फिरतंय म्हणावं, तर पुढच्या वळणावर दोन्ही हातांनी हलेना.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा गाडी वळायची सोडून सरळ तरसांच्या लग्नाच्या मांडवात शिरली. कोल्हेसाहेबांनी लगेच दवंडी पिटली, "वनराजांनी आमंत्रण नसतानाही वधूवरांना आशीर्वाद दिले!" दुसऱ्यांदा गाडी तळ्यात गेली. दवंडी झाली, "वनराजांनी पाणीसाठ्याची स्वतः आत उतरून पाहणी केली!" तिसऱ्यांदा मात्र गाडी बाभळीत घुसली आणि आयाळीचा झुबका फांदीला लटकत राहिला. त्याची दवंडी काही साहेबांना सुचेना.

"केसू," वनराज म्हणाले, "सोमवारी घाटातून पलीकडे जायचंय. माझ्याच पुतळ्याचं अनावरण आहे. तिथे स्टिअरिंग अडलं आणि त्यातून मी वाचलो, तर मंगळवारी न्याहारीला तू."

"हो महाराज. किती वाजता येऊ?" केसूअण्णा म्हणाला. हसू नका. घाबरलेल्या जिवाच्या तोंडून काहीही निघतं.

जंगलात गॅरेज एकच, सायाळमावशीचं. गाडी तिथे न्यायच्या आधी कोल्हेसाहेबांनी दिव्यांवर मखमली खोळी चढवल्या आणि भोंगे, कर्णा, पंखा या सगळ्यांच्या बटणांवर कुलपं लावली. राजा गाडीत नसताना यातलं काहीही चालू करणं म्हणजे राजद्रोह. नियमच तसा होता.

मावशीने पाठीवरचा एक काटा उपसला आणि त्याने एकेक वायर टोचून पाहिली. स्टिअरिंग हलकं करायला एक छोटी मोटर असते, ती बॅटरीवर चालते. ती पाहिली. ठणठणीत. मग मावशीने गाडी रानभर फिरवून आणली. गाडी शहाण्या मुलीसारखी वळली.

"अण्णा, हिला काही झालेलं नाही."

"मावशी, पिल्लांची शपथ, होतं गं!"

"माझ्यासमोर झालं तर हात घालीन. न झालेलं दुखणं मी कुठून काढू?"

कोल्हेसाहेबांनी यावरून निष्कर्ष काढला. गाडीत दोष नाही, म्हणजे चालकात आहे. मग काय! लिंबू-मिरची गाडीला न बांधता केसूअण्णाच्या गळ्यात बांधली. वैद्यबुवांनी त्याच्या दंडांना तेल चोळलं. बिचाऱ्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. भाकरी मोडताना त्याला वाटे, आपले हातच जड झालेत की काय.

"अहो," झुंबरबाई म्हणाली, "राजे नसले की गाडी गुणाची. राजे बसले की बिघडते. मग..."

"गप गं! हे वाक्य पुरं करू नकोस. भिंतींना कान असतात."

"मी राजांना कुठे म्हणते? त्यांच्याबरोबर जी वाजतगाजत वरात चालते, तिला म्हणते."

केसूअण्णा जागचा उठला. रविवारी भर दुपारी जीव मुठीत धरून तो गाडी घेऊन मावशीकडे गेला. दोघांनी खोळी काढल्या, मावशीच्या काट्याने कुलपं उघडली, आणि माळावर सगळं एकदम चालू केलं. भोंगे ऐकून सारं जंगल बिळात पळालं, म्हणून बरं, कोणी पाहिलं नाही.

आणि काय सांगू! पहिल्याच वळणावर स्टिअरिंग दगड झालं. "झालं! झालं! बिघडलं!" म्हणत केसूअण्णा खाली उतरून नाचायला लागला.

मावशीने भोंगे बंद केले. स्टिअरिंग हलकं. चालू केले. जड.

"बॅटरी एक, आणि खाणारी तोंडं ढीगभर," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त भोंगे खातात. मोटरला उपास घडतो."

"मग मोठी बॅटरी घाल ना!"

"मागल्या वर्षी घातली होती की. त्याच संध्याकाळी साहेबांनी आणखी दोन भोंगे बसवले. आता एकच कर, वळण आलं की भोंगे बंद."

केसूअण्णा हे सांगायला कोल्हेसाहेबांकडे गेला. साहेबांनी डोळे बारीक केले. "भोंगे बंद? जंगलाला वाटेल राजाच उरला नाही. आणि तुला हे कळलं कसं रे? लावून पाहिलेस?"

"छे छे साहेब! स्वप्नात आलं," म्हणून केसूअण्णाने तिथून पाय काढला.

सोमवार उजाडला. घाट सुरू झाला. दिवे लागले, भोंगे बोंबलले, आयाळ भुरभुरली. शेवटचं वळण आलं. समोर दरी, आणि स्टिअरिंग हलेना. केसूअण्णाला पिल्लं दिसली. त्याने डोळे मिटले आणि भोंग्यांचं बटण दाबलं. भोंगे गप्प झाले. स्टिअरिंग फिरलं. गाडी वळली, सुखरूप.

पण बाळांनो, घाटात एकदम शांतता पसरली. अशी शांतता वनराजांनी गादीवर आल्यापासून ऐकली नव्हती. कडेला एक म्हातारी माकडीण शेंगा सोलत होती. ती सुनेला म्हणाली, "अगं, हा मेला अजून आहे होय? मला वाटलं, नुसता भोंगाच उरलाय!"

"थांबव गाडी!" वनराज गरजले. "भोंगे कोणी बंद केले?"

केसूअण्णा खाली उतरला. "मी, महाराज. एका बॅटरीत दोघांचं भागत नाही. भोंगे तरी चालतात, नाहीतर स्टिअरिंग तरी."

वनराजांनी दरीकडे पाहिलं. मग माकडिणीकडे पाहिलं. दरीची भीती त्यांना कमी वाटली.

"स्टिअरिंगची वायर काढून टाका," ते म्हणाले. "सगळी वीज भोंग्यांना द्या."

मावशीला बोलावणं गेलं. "अहो, मग ते कायमचंच जड होईल!" ती म्हणाली.

"पण मधूनच जड होणार नाही ना?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"मधूनच कसं होईल? सदाच राहील."

"आमची तक्रार मधूनच होण्याची होती. मिटली!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे दवंडी पिटली.

स्टिअरिंगला दोघं लागतात, म्हणून केसूअण्णाच्या मेहुण्यालाही दरबारी नोकरी लागली. घरी गोडधोड झालं.

"दुरुस्त झालं का हो?" झुंबरबाईने विचारलं.

"झालं म्हणायचं," केसूअण्णा म्हणाला, आणि खांदे चोळत बसला.

मंगळवारी वनराजांच्या न्याहारीला दुसरंच कोणीतरी होतं. कोण, ते केसूअण्णाने विचारलं नाही.

तात्पर्य: बिघाड अधूनमधून होत असेल तर सावध राहावं, एखादा शहाणा त्याचं कारण शोधून काढील. म्हणून बिघाडच वेळीच कायमचा करून टाकावा. मग त्याला कोणी बिघाड म्हणत नाही, परंपरा म्हणतात.