लोखंडी हाताचा दुसरा भाग

आमच्या सिनेमाचा पहिला भाग तुम्ही पाहिला नसेल तर काही बिघडत नाही. मीही पाहिला नव्हता! तरी दुसऱ्या भागातल्या हिरोचा लोखंडी हात मीच बनवला, आणि तोही असा की परग्रहावरच्या फौजेनं पाहताक्षणी शेपूट घालावी.

तसा मी ग्रिल आणि शटर बनवणारा माणूस. धंदा बसला तेव्हा बायकोनं तिच्या दादाला गळ घातली. दादा या सिनेमाचे दिग्दर्शक. "यांच्या कामाची हमी माझी," असं तिनं सगळ्या माहेरासमोर ठणकावून सांगितलं. म्हणजे हात माझा बिघडला, तरी नाक तिचं कापलं जाणार होतं.

"मागच्या भागाच्या शेवटी हिरोचा हात तुटतो," दादा म्हणाले. "तिथे लोखंडी हात बसवा. बाकी जुनं काही बघत बसू नका, जावईबापू. हा भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे!"

पहिला भाग दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, त्यामुळे दादांनीही तो हट्टानं पाहिला नव्हता. हिरोही नवा होता. बायको म्हणाली, "अहो, एकदा बघून तरी घ्या."

"दादांनी नको सांगितलंय!"

शटरचा पत्रा, कोपरात बिजागरी, मनगटाला कडी. हात झकास झाला. अर्धा सिनेमा होईपर्यंत हिरोनं त्या हातानं निम्मी फौज लोळवली आणि मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.

मग एका सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर पहिला भाग लागला. शेवट आला, हात तुटला.

"अहो, तुम्ही कुठला हात केलात?"

"उजवा. का?"

"तुटलाय डावा!"

मी टीव्हीजवळ जाऊन पाहिलं. "टीव्ही उलटा दाखवत असेल."

"मग हिरोच्या मागच्या दुकानाची पाटी सुलटी कशी दिसते?"

दुसऱ्या दिवशी सेटवर जाऊन सांगितलं. दादा मटकन खुर्चीत बसले.

"अर्धा सिनेमा पुन्हा काढू? जुनं बघू नका म्हणालो मीच, आता बहिणीला काय तोंड दाखवू!"

खरं तर तो प्रश्न माझा होता. पण मला युक्ती सुचली. "दादा, सुरुवातीला एक प्रसंग घाला. हिरोच्या डाव्या हाताला लोखंडी हात आहे. शास्त्रज्ञ तो काढतो, तर आत खरा हात उगवलेला! तेवढ्यात शत्रू येतो आणि उजवा तोडतो."

"हात उगवतो कसा?"

"विज्ञान!"

दादांना पटलं. पण डावा लोखंडी हात होता कुणाकडे? मी उजवाच दाबून, ठोकून हिरोच्या डाव्या हातावर चढवला. बिजागरी उलट्या बाजूला गेली, कडी अडकली आणि हात रेल्वेच्या फाटकासारखा आडवा झाला तो झालाच! हिरो विचारायला वळला, "आता काय करू?" त्या वळण्यात तीन परग्रहवासी आणि एक शास्त्रज्ञ आडवे झाले. दादांनी कपाळावर हात मारून घेतला.

"हलू नका, कापून काढतो!" म्हणत मी लोखंड कापायचं ग्राइंडर सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. हिरोनं ग्राइंडर पाहिलं, मला पाहिलं आणि किंचाळत धूम ठोकली!

"अहो थांबा, हात वाचवतोय तुमचा!"

तो पुढे, मी मागे. पुठ्ठ्याचे दोन ग्रह कोसळले, अंतराळयान आडवं पडलं. शेवटी तो यानाच्या दारात अडकला तेव्हा कुठे मी त्याला मोकळा केला. हिरो रडत होता. मीही रडायच्या बेतात होतो, कारण डोळ्यांसमोर बायकोचं सगळं माहेर दिसत होतं. कॅमेरा बंद करायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

सिनेमा लागला आणि धो धो चालला. परवा दादांचा फोन आला. मी ऐटीत उचलला.

"जावईबापू, फोन तिला द्या."

ती बराच वेळ बोलली. मग माझ्याकडे वळली. "तिसऱ्या भागासाठी दादानं मला घेतलंय. आधीचे भाग बघून चुका पकडायच्या."

"आणि मला?"

"तुम्हालाही घेतलंय."

"बघ! हात कुणाचा बनवायचाय?"

"हात नाही. ती पळापळ त्यानं सिनेमात तशीच ठेवली ना, लोक तुम्हाला बघून जाम घाबरले. परग्रहवासीयांचा सेनापती व्हायचंय तुम्हाला." तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मेकअप लागणार नाही म्हणाला."