नमुन्याची माती

मखमलाबादच्या पुढे पुंजाचं वीस गुंठ्यांचं झेंडूचं वावर होतं. वरची टेकडी कुणीतरी प्लॉट पाडायला कापली, वावराचा बांध फुटला आणि दोन पावसाळ्यांत वीतभर माती ओढ्याला गेली. बांध घालून मिळावा, असा पुंजाने अर्ज केला. अर्ज खरा होता, तिथेच त्याचं चुकलं.

"धूप कशामुळे झाली?" कारणनिश्चिती कक्षाच्या सुनील साहेबांनी विचारलं.

"टेकडी कापली साहेब. पाणी थेट वावरात येतं."

"ते तुम्ही नुसतं डोळ्यांनी पाहिलं. कागदावर कुठंय? अर्धा किलो माती आणा."

साहेबांसमोर पुंजाला आपलंच म्हणणं खोटं वाटू लागायचं. त्याने माती नेऊन दिली. प्रयोगशाळेने कळवलं, की नमुना निर्विवादपणे माती आहे. मात्र इतक्या थोड्या मातीवरून ती का वाहून जाते हे सांगता येत नाही. मग एक गोणी गेली. वरच्या कार्यालयाला स्वतंत्र नमुना लागतो, म्हणून आणखी चार. सहा महिन्यांनी सगळ्या नमुन्यांची मुदत संपली. शेवटी पत्र आलं: वाहून गेलेली माती सव्वाशे ट्रॉल्या असल्याने नमुनाही त्या प्रमाणात सादर करावा.

"आवो, पाण्यानं नेली त्याच्याहून जास्त तुम्हीच नेली," बायको चंद्रभागा ट्रॉली भरता भरता म्हणाली. "पाण्याला निदान ट्रॅक्टर तरी लागत नव्हता."

"पण बांध मिळंल ना."

"अन् बांधाच्या आत काय ठेवनार? अर्ज?"

खुरपताना फुटलेल्या तिच्या हिरव्या काकणाचा तुकडाही त्याच ट्रॉलीत गेला.

पावसाच्या तोंडावर अहवाल आला. 'पाण्यामुळे धूप झाल्याचा पुरावा नाही. आवक नोंदवहीनुसार अर्जदार स्वतःच वेळोवेळी माती शेताबाहेर नेत असल्याचे दिसते. सद्यःस्थितीत शेतात केवळ मुरूम असून वाहून जाण्याजोगी माती नसल्याने बांधाची आवश्यकता उरत नाही. तक्रार निकाली.'

"मग माझी माती तरी परत द्या, साहेब."

"नमुना परत द्यायची तरतूद नाही. पण वाया गेली नाही हं, काका. पर्यावरण दिनाला कुंड्या भरून शहरात फुकट वाटली. काय रांग होती!"

त्या रांगेत आपण शहरातली मंडळीही होतो. कुंडी छातीशी धरून फोटो काढला, खाली 'मातीशी नातं' असंही लिहिलं. आता तुळशीला पाणी घालताना हिरव्या काचेचा तुकडा वर आला, तर चंद्रभागाबाईंना जरूर कळवा. फक्त अर्ज करू नका. नमुना म्हणून कुंडी मागतील, आणि आपला तर त्या कुंडीत जीव गुंतलाय.