पाखाडीवरचा बिगूल

दमयंतीच्या लग्नात काशीरामाला बिगूल हवाच होता. होणारे व्याही म्हणजे खेडचे धोंडू हवालदार, पलटणीत वीस वर्षं काढून पेन्शनीत आलेले. वऱ्हाड येताना पितळी बिगूल घुमला की हवालदारांची छाती फुगेल, अशी त्याची अटकळ.

गावात बिगूल होता एकट्या धाकूकडे. तोही पलटणीतलाच. आदल्या दिवशी त्याने मांडवात एकेक सूर वाजवून दाखवला. सलामी काशीरामाला कोरडी वाटली. चौथ्या सुराला मात्र त्याचे डोळेच मिटले.

"ह्योच वाजव!"

"काका, बिगुलात गानं नसतं, हुकूम असतो. ह्येचा अर्थ निराळा हाय. ह्यो म्हंजे..."

"अर्थ ठेव तुज्याकडं. कानाला गोड लागतो ना? मग झालं."

"पन काका..."

"लगीन माज्या लेकीचं का तुज्या?"

धाकूने टाचा जुळवल्या. हुकूम ऐकायची सवय काही पेन्शनीबरोबर सुटत नाही.

मुहूर्त साडेअकराचा. हा चुकला तर यंदा दुसरा नाही, असं भटजींनी दहादा बजावलं होतं. सव्वाअकराला वऱ्हाड पाखाडीच्या पायऱ्या चढू लागलं. पुढे नवरा विठू, मागे हवालदार आणि त्यांचे चाळीस पेन्शनर सोबती, छातीवर बिल्ले लावून. विठू मुंबईच्या गिरणीत होता. या पोराला पलटणीचं काही कळत नाही, हे हवालदारांचं जुनं दुखणं. आता तर बाशिंगामुळे त्याला पुढच्या चार पायऱ्यांपलीकडे काही दिसतही नव्हतं.

धाकूने गाल फुगवले. सूर गोडच लागला. हवालदारांसकट सगळ्यांच्या वहाणा जागच्या जागी थांबल्या, टाचेवर गर्रकन फिरल्या आणि वऱ्हाड आलं तसं पाखाडी उतरू लागलं.

"अरे, ही मंडळी चालली कुठं?" काशीराम किंचाळला.

"त्येच सांगत हुतो. ह्यो माघारीचा हुकूम. शत्रू भारी पडला की वाजवतात."

"मेलो! फिरव त्यांना, धाकू, पाया पडतो तुज्या!"

धाकूने क्षणभर विचार केला आणि जेवणाचा बिगूल वाजवला.

हा हुकूम आजवर कुठल्या पलटणीने मोडलेला नाही. चाळीसही पेन्शनर धावत आले ते थेट मागीलदारी, पत्रावळींपुढे मांडी घालून बसले. काशीरामाने ओळीन् ओळ पाहिली. नवरा नाही!

"काशीरामा, अरे नवरा इथं आहे!" भटजी मांडवातून ओरडले.

विठू पाटावर केव्हाचा उभा होता. "वाजलं, म्हटलं बोलावतायत," तो म्हणाला, "आलो वर."

मुहूर्त साधला, अक्षता पडल्या. धाकूने पुन्हा बिगूल उचलताच काशीरामाने त्याचा हात धरला.

"थांब! आदी अर्थ सांग."

"सलामी, काका. पन कुनाला वाजवू?"

हवालदार ताठ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं.

"माज्या विठूला वाजव," ते म्हणाले. "वऱ्हाडात माघार न घेतलेला तो एकटाच गडी हाय."