बुटकूच्या गोष्टीचं आठवं पान

बाळांनो, जरा सरकून बसा आणि हातातलं खाणं खाली ठेवा. एका जंगलात, जिथे वाटा थोड्या आणि समित्या फार होत्या, कौतिका नावाची एक भेकरीण राहत होती.

भेकर म्हणजे हरणातली लहान जात. शेळीएवढं अंग, आणि भीती वाटली की कुत्र्यासारखं भुंकायचं. कौतिकाला भीती जरा जास्तच वाटायची. वाळकं पान पडलं तरी ती भुंकायची. शेजारची सांबरीण, मंजुळावहिनी, तिला हसायची.

"कौतिके, अगं वारा आहे तो."

"असेल वहिनी. पण वाऱ्याच्या आडून कोण येतंय ते कुठे दिसतं?"

तिला एकच लेक होती, सोनकी. अंगावरचे पांढरे ठिपके अजून गेले नव्हते, एवढी लहान. ती पाण्यावर गेली की कौतिका मागोमाग जायची, आणि तिचं पिऊन झालं की मग स्वतः प्यायची.

आता त्या जंगलात फार वर्षांपूर्वी साळूमावशी नावाची एक साळिंदर होऊन गेली होती. ती मुलांच्या गोष्टी लिहायची. अंगावरचा काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर लिहायचं. तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट बुटकूची. बुटकू हे भेकराचं पाडस. ते एकदा बोर घेऊन बिबट्याकडे जातं आणि म्हणतं,

"घे रे दादा, घे रे बोर,
तुला कोण म्हणतं चोर?"

बिबट्याला जन्मात कुणी बोर दिलेलं नसतं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तो बोर खातो, मांस सोडतो, आणि बुटकूला पाठीवर बसवून जंगलभर फिरवतो.

मावशी गेली. बुटकू राहिला. नुसता राहिला नाही, वाढला. पाणवठ्यावर त्याचा पुतळा झाला आणि पुतळ्यापुढे सेल्फीची रांग लागली. माकडांच्या बँडने त्या दोन ओळींना चाल लावली. लग्नात नवरदेव नवरीला बोर द्यायला लागला, आणि दिलं नाही तर वरातीत भांडणं व्हायला लागली. कोल्हे सर निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांनी हातात बोर घेऊन फोटो काढला. त्याआधी सरांनी कुणाला बोराची बीसुद्धा दिली नव्हती. आणि काय सांगू, तरस मेलेलं ढोर ओढून नेताना तेच गाणं गुणगुणायचा.

शाळेत तर बुटकूशिवाय दुसरं काही नव्हतंच. गोष्ट आठ पानांची. एका इयत्तेला एक पान. कौतिका सातव्या पानापर्यंत शिकली. आठव्या पानाची शाळा ओढ्यापलीकडे होती. तिची आई म्हणाली, पुरे झालं, एवढ्या पाण्यातून पोरीला पाठवायचं नाही. सातवं पान संपतं तिथे बुटकू बिबट्याच्या पाठीवर बसून डोंगरामागे जातो. पुढे काय होतं ते कौतिकाला कधी कळलंच नाही. आपण कमी शिकलो, ही एक सल तिला कायमची राहिली.

दरवर्षी बोरं पिकली की मावशीची जयंती व्हायची. एका पाडसाला बुटकू करायचे. दोन पानांचे कान लावलेली टोपी, गळ्यात हार, तोंडात बोर. समोरच्या खडकावर बिबट्या. बिबट्या म्हणजे भोकरे नावाचं रानमांजर. ते अंगाला काजळीचे ठिपके लावायचं आणि डोळ्यांत पाणी यावं म्हणून रानकांदा हुंगून यायचं. सगळे टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे.

त्या वर्षी गोष्टीला शंभर वर्षं झाली. स्मारक समितीची बैठक भरली. अध्यक्ष अर्थातच कोल्हे सर.

"शताब्दीला काजळीचा बिबट्या शोभत नाही," सर म्हणाले. "यंदा अस्सल बोलवायचा."

अस्सल बिबट्याने निमंत्रण लगेच घेतलं. निरोप पाठवला, की आम्हीसुद्धा लहानपणी मावशींच्या गोष्टीवरच वाढलो, मानधन नको, बुटकू तेवढा गुटगुटीत निवडा. हे वाचून दाखवलं तेव्हा दोन-तीन सभासदांनी उठून टाळ्या वाजवल्या.

चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी सोनकीची निघाली.

आयांच्या ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. ज्या बायका कौतिकाला कधी विचारत नव्हत्या, त्या दारात आल्या. मंजुळावहिनी म्हणाली, "नशीब काढलंस गं. आमच्या हणम्याची चिठ्ठी खालीच राहिली."

सोनकी तर टोपी घालून दिवसभर उड्या मारत होती. कौतिकाच्या घशाखाली गवत उतरेना. शेवटी ती समितीकडे गेली.

"सर, बिबट्या खरा आहे ना?"

"खराच. म्हणून तर शताब्दी."

"मग तो सोनकीला खाणार नाही कशावरून?"

सगळी समिती तिच्याकडे बघायला लागली. सरांनी मिशीवरून पंजा फिरवला.

"कौतिकाबाई, शिक्षण किती तुमचं?"

"सातवं पान."

"तेच म्हटलं," सर म्हणाले, आणि सगळे हसले.

कौतिका खाली मान घालून परत आली. पण एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. म्हणजे उत्तर आठव्या पानात आहे. शिकलेली जनावरं भीत नाहीत, कारण ती आठवं पान वाचून बसली आहेत. ते एक वाचलं की आपल्यालाही गवत जाईल.

ती आधी बगळे गुरुजींकडे गेली. गुरुजी चिखलात एका पायावर उभे होते.

"गुरुजी, आठव्या पानात काय आहे?"

"आहे ना. महत्त्वाचं आहे. पण आमच्या परीक्षेला येत नाही."

"तुम्ही शिकवलं असेल."

"मला सातवीपर्यंतच वर्ग आहेत," गुरुजी म्हणाले, आणि दुसऱ्या पायावर उभे राहिले.

मग ती मंजुळावहिनीकडे गेली. वहिनी आठवं पान पहिल्या वर्गात पास झालेली.

"आम्हाला गाईड होतं गं," वहिनी म्हणाली. "त्यात लिहिलं होतं, आठव्या पानात लेखिकेने कृतज्ञता व्यक्त केली आहे. तेवढं लिहिलं की पूर्ण मार्क."

"पण पान बघितलंस का?"

"पान कशाला बघू? गाईड होतं की."

मग राहिलं स्मारक. ते वडाच्या ढोलीत होतं, आणि घोरपडे काका नावाची म्हातारी घोरपड ते सांभाळायची. आत आठही पानं एकावर एक ठेवलेली, वर फुलं, हळद, कुंकू. वर्षानुवर्षांचं कुंकू वाहून पानं एकमेकांना चिकटली होती.

"काका, आठवं पान वाचायचं आहे."

"वाचायचं?" काकांनी जीभ आत-बाहेर केली. "इथे लोक पाया पडायला येतात, बाई. चाळीस वर्षांत वाचायला कुणी आलं नाही."

"उद्या माझ्या लेकीचा कार्यक्रम आहे."

काका दाराकडे तोंड करून ऊन खात बसले. कौतिकाने चिकटलेली पानं चाटून चाटून सोडवली. सर्वांत खालचं पान हाती आलं. अक्षर लावत लावत ती वाचायला लागली.

"इथवरची सात पानं पाडसांसाठी. आता ती झोपली असतील. झोपली की नाही ते बघून आयांनी पुढचं वाचावं. बुटकू माझ्या शेजारचा. तो बोर घेऊन खरंच गेला होता. परत आला नाही. त्याची आई रोज माझ्याकडे यायची आणि विचारायची, मावशी, काय झालं असेल गं? तिला दोन घास जावेत म्हणून मी सात पानं लिहिली. तिच्याखेरीज कुणी ती खरी मानू नयेत. बिबट्या दिसला तर भुंकावं आणि पळावं."

कौतिकाने पान तीनदा वाचलं. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय, कमी शिकलोय म्हणून असेल. चौथ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

ती धावत सभेच्या माळावर गेली. तिथे मांडव घालणं चाललं होतं. तिने कोल्हे सरांपुढे पान धरलं. सरांनी ते लांबूनच बघितलं.

"हे मावशींचं नाही. मावशी अशी निराशा लिहायच्या नाहीत."

"अक्षर तेच आहे, सर."

"अक्षर असेल. विचार नाही." सरांनी आवाज खाली आणला. "बाई, शंभर वर्षं लग्नं लागली आहेत त्या बोरावर. मी निवडून आलोय त्यावर. आता तुम्ही सांगणार, बुटकू परत आलाच नाही?"

"माझी सोनकी कार्यक्रमात नाही."

"पत्रिका छापून झाल्या," सर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिला ग्रुपमधून काढलं होतं. तिचा राग आला म्हणून नव्हे. शताब्दीच्या शुभेच्छांना जागा पुरत नव्हती, असं कळवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, कौतिका नको नको म्हणत असताना, बायका सोनकीला सजवायचं म्हणून घेऊन गेल्या, आणि कौतिकाला मांडवात पार मागच्या रांगेत बसवलं. पुढे खडकावर अस्सल बिबट्या बसला होता. गळ्यात झेंडूचा हार. सरांनी भाषण केलं. बिबट्याने चार शब्द सांगितले. वाचनाने माणूस नाही तरी जनावर घडतं, असं तो म्हणाला, आणि सोनकीकडे बघून त्याने ओठ चाटले. पुढच्या रांगेतली एक चितळीण डोळे पुसत म्हणाली, "किती साधे आहेत."

बँड सुरू झाला. सोनकी तोंडात बोर धरून चालायला लागली. टोपीचे कान हलत होते. दहा पावलं राहिली. आठ राहिली. बिबट्याची शेपटी थांबली.

कौतिका भुंकली.

भेकराचं भुंकणं, बाळांनो, हे कुठल्या इयत्तेत शिकवत नाहीत. पण ते कानावर पडलं की पाय आपोआप पळतात. पुढची रांग आधी पळाली. बगळे गुरुजी दोन्ही पायांनी पळाले. कोल्हे सर ध्वनिक्षेपक हातात घेऊनच पळाले, त्यामुळे त्यांची धाप सगळ्या जंगलाने ऐकली. आणि सोनकी, तोंडातलं बोर टाकून, आईच्या पोटाखाली कधी आली ते तिलाच कळलं नाही. दोघी करवंदीच्या जाळीत शिरल्या त्या थेट ओढ्यापलीकडे निघाल्या.

माळावर बिबट्या, हार आणि एक बोर राहिलं.

तुम्हाला वाटेल, मग सगळ्यांनी कौतिकाचे आभार मानले. छे. दुसऱ्या दिवशी निषेध सभा झाली. कार्यक्रमाचा विचका केला, पाहुण्यांचा अपमान केला, आणि बँडवाल्यांचे दोन ढोल फुटले. बिबट्याने मुलाखत दिली, की मला फार वाईट वाटलं, मी तर बोर खाणारच होतो. त्याच्यासाठी सह्यांची मोहीम निघाली. आठवं पान मागाहून कुणीतरी घुसडलेलं आहे, असा ठराव झाला आणि ते मानाने ओढ्यात सोडण्यात आलं. कौतिकाशी बोलायचं नाही, हे ठरवावंही लागलं नाही.

पुढच्या वर्षी बुटकूचा मान मंजुळावहिनीच्या हणम्याला मिळाला. या वेळी भुंकणाऱ्यांना मांडवात प्रवेश नव्हता. कार्यक्रम फार छान झाला, असं सगळे म्हणतात. शेवटी हणम्या बिबट्याबरोबर डोंगरामागे गेला. अगदी गोष्टीतल्यासारखा.

नंतर एका दुपारी मंजुळावहिनी ओढा ओलांडून कौतिकाच्या जाळीपाशी आली.

"कौतिके," ती म्हणाली, "तू पान वाचलं होतंस ना? काय झालं असेल गं?"

कौतिकाने सोनकीला आत पाठवलं. मग वहिनीला जवळ बसवून घेतलं आणि तिने सगळी गोष्ट सांगितली. पहिल्या पानापासून. सातव्या पानापर्यंत.

तात्पर्य: आवडत्या लेखकाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचू नये. वाचलं तर लेकरू हाती राहतं, पण चार बायकांत बसायची सोय राहत नाही.